झोपेतली लादीन

बहुतेक माणसं झोपेत बरळतात. ब्रिजितबाय झोपेतही खरंच बोलायची, आणि एकदा ते तिला फार महागात पडलं.

ती आठवली की मला आधी दिसते होडी. उत्तनच्या होड्या मुंबईच्या धक्क्यावर मासळी उतरवून दुपार कलल्यावर रिकाम्या परत यायच्या. शीड उतरायचं, पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उड्या टाकायचे, आणि जाळ्यांच्या ढिगावर कुणीतरी गाढ झोपलेलं असायचं. पदर तोंडावर, चपला पोटाशी, उशाला जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुंबईच्या एका इस्पितळात ती नर्सिंग शिकत होती. सुट्टी मिळाली की रात्रपाळी उरकून ती थेट धक्का गाठायची आणि होडीत बसताक्षणी झोपायची.

किनाऱ्यावरच्या बायका ओरडायच्या, "उतर गो बाय, उत्तन आला! का तुला पन टोपलीत घालून न्यायची?"

ती उठून बसायची. डोळे उघडे असायचे, पण ते डोळे आपल्यापर्यंत यायला वेळ लागायचा, लांबची होडी किनाऱ्याला लागावी तसा. मग हसायची. अंगाला फिनेल आणि बोंबील असा एकत्र वास. गावातल्या पोरासोरांनी तिचं नाव फिनेलबाय ठेवलं होतं, आणि त्या नावाने हाक मारली तरी ती ओ द्यायची.

ही सगळी एकोणीसशे तीसनंतरच्या काळातली गोष्ट. आमच्या पट्ट्यात, म्हणजे उत्तन, पाली, तारोडीत, घराघरात क्रूस आणि दाराशी जाळी. मुलीने दोत्रीन शिकावी, म्हणजे धर्माची शिकवण पाठ करावी, मासे सुकवावेत आणि लग्न करावं. ब्रिजितबायने दोत्रीन इतकी पाठ केली की सोळाव्या वर्षी तीच ती शिकवायला लागली. चर्चमध्ये आम्हा तरुण मुलींची एक मंडळी होती. तिच्यात घेतलेल्या मुलीच्या गळ्यात निळी फीत यायची, फितीला मारियेचं पदक. मंडळीची प्रमुख ब्रिजितबाय. आजाऱ्याला भेटायचं, क्रूसापाशी प्रार्थना चालवायची, लहानांना शिकवायचं, हे आमचं काम.

मग तिने नर्स व्हायचं ठरवलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा? कोणत्या जातीचं कोण, त्याची घाण काढायची? तिची आई तर चुलीसमोर बसून रडली. फादरनी मध्ये पडून परवानगी मिळवून दिली, पण अट घातली: मंडळी सोडायची नाही. तिकडे मेट्रनने बजावलं, सुट्टी ही विश्रांतीसाठी असते, परीक्षेत नापास झालीस तर नर्सची टोपी मिळणार नाही. गळ्यात फीत आणि डोक्यावर टोपी, दोन्ही एकाच बाईला पेलणार नाही, कधीतरी एक उतरवावी लागेल, असं सगळे म्हणत. ती म्हणायची, "उतरवीन की. झोपताना."

मी तेव्हा मंडळीतली सर्वांत भांडखोर मुलगी होते. माझा बाप मुंबईच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. छपाईत बिघडलेली पत्रकं तो घरी आणायचा आणि आमच्या कुडाला आतून चिकटवायचा, वारा लागू नये म्हणून. मिठावरची, दारूवरची, गिरणीच्या संपावरची, उपासाची, स्वर्गाची, सगळी शेजारी शेजारी. मी अक्षरं शिकले ती 'उठा' आणि 'धिक्कार' या शब्दांवर. ब्रिजितबाय एकदा आमच्याकडे जेवायला आली, चारी भिंतींकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या घरातल्या भिंतीच ओरडतात गो. तुला झोप तरी कशी लागते?"

तिची शिकवायची तऱ्हा निराळी होती. पदराच्या गाठीत कार्बोलिक साबणाची वडी बांधलेली असायची. प्रार्थना सुरू होण्याआधी ती आम्हाला विहिरीवर नेऊन रांगेत उभं करायची. "आधी हात धुवा, मग जोडा." हे तिचं ठरलेलं वाक्य. निळ्या फितीने मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची ते ती शिकवायची आणि त्याच दमात चर्चचे सात संस्कार विचारायची. एकीने भीत भीत विचारलं होतं, पवित्र फीत अशी वापरली तर पाप लागेल का? "हात बरा झाला की धुऊन परत गळ्यात घाल," ब्रिजितबाय म्हणाली. "मारियेला काय, बाळाचे लंगोट धुवायची सवय होती."

हे ऐकून मला वाटायचं, ही बंडखोर आहे. मी तिला तसं म्हटलंही. तिने जांभई दिली.

अभ्यासाला तिच्याकडे वेळ नव्हता, म्हणून तिने एक युक्ती काढली होती. जपमाळेच्या मण्यांवर ती हाडांची नावं पाठ करायची. एका मण्याला एक हाड. चालताना, भाकरी थापताना, होडीत झोप लागेपर्यंत, ओठ हलत असायचे आणि बोटं मण्यांवरून सरकत असायची. बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती! तिच्या आईने तर शेजारणींना सांगितलं की पोरगी इस्पितळात जाऊन उलट जास्त देवाची झाली.

त्यातून तो प्रसंग घडला. आमच्याकडे संध्याकाळी क्रूसापाशी लादीन व्हायची. एकीने एकेका संताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. लॅटिन कुणालाच येत नव्हतं, पण सूर सगळ्यांना येत होता. मे महिना होता. समुद्रावर तांबूस उजेड पसरलेला, मेणबत्त्यांच्या ज्योती वाऱ्याने आडव्या झालेल्या. वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या मांडवांवर, बोंबील वाळत होते, आणि मला ते नेहमी छापील ओळींसारखे दिसायचे, ओळीखाली ओळ. ब्रिजितबाय गुडघ्यांवर बसून नावं घेत होती. तिचा आवाज हळूहळू खोल गेला, डोळे मिटले, पण सूर सुटला नाही.

"स्टर्नम," ती म्हणाली.

"ओरा प्रो नोबिस," सगळ्यांनी म्हटलं.

"स्कॅपुला."

"ओरा प्रो नोबिस."

"ह्यूमरस."

"ओरा प्रो नोबिस," म्हाताऱ्यांनी तर हात उंच केले. फिलू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. फिलू ही माझी मैत्रीण, मंडळीत सर्वांत श्रद्धाळू. तिच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे. छातीपासून हातापर्यंतची सगळी हाडं आमच्यासाठी विनंती करून मोकळी झाली तेव्हा कुठे वाऱ्याने ब्रिजितबायचा पदर उडाला आणि ती जागी झाली. तिला काही कळलं नाही. पुढे फिलूने सांगितलं तेव्हा ती दचकली, मग म्हणाली, "तेही देवानेच केलंय ना? विनंती करायला काय हरकत आहे?"

त्या संध्याकाळी आम्ही फार हसलो. पुढल्या थंडीत तीच लादीन अंगावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पालीला चांगुणा नावाची कोळीण राहायची, हिंदू घरातली. पोटात गाठ झाली म्हणून तिला होडीतून मुंबईला नेलं. ती नेमकी ब्रिजितबायच्या वॉर्डात पडली. तिचा एकुलता मुलगा हिराजी तेव्हा दूर समुद्रात होता. तो परतायच्या आत ती गेली. निरोप मिळून दीर पोचला, त्याने मुंबईतच अग्नी दिला. हिराजी आला तेव्हा आई नव्हती, राखही नव्हती. त्याने मुंडण केलं, दिवस घातले, आणि कुणाशी न बोलता जाळी विणत बसला.

चांगुणा गेल्यावरच्या सुट्टीत ब्रिजितबाय आली ती नेहमीपेक्षाही थकलेली. लादीन तिनेच धरली. मध्येच तिचे डोळे मिटले. आम्ही दोघी ओठ चावून बसलो, आता हाडं येणार म्हणून. पण ती त्याच सुरात, त्याच संथपणे म्हणाली, "चांगुणाला मीच पाणी दिलं."

"ओरा प्रो नोबिस," सगळ्यांनी म्हटलं. आणि मग एकेकीचं डोकं वर झालं.

हे समजायला आमच्यात वाढलेलं असावं लागतं. आमच्याकडे 'पाणी दिलं' म्हणजे बाप्तिस्मा दिला. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाद्रीच हवा असं नाही. कपाळावर पाणी ओतायचं आणि ते ठरलेले शब्द म्हणायचे. ते शब्द ब्रिजितबायनेच आम्हाला पाठ करून दिले होते. फिलूच्या डोळ्यांत पाणी आलं. लादीन संपताच ती घरोघर पळाली: बायने चांगुणाला स्वर्गात पाठवलं! रविवारपर्यंत तारोडीच्या टोकाला ती बातमी पोचली. कुणी म्हणे चांगुणाने मरताना क्रूस मागितला. कुणी म्हणे तिचं नाव मारिया ठेवलं.

ब्रिजितबाय त्याच रात्रीच्या होडीने परत गेली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी रागाने धुमसत होते. तेव्हाही मला हेच वाटत होतं आणि आजही वाटतं: मरणाऱ्याच्या बेशुद्धीचा फायदा घेऊन त्याचा देव बदलणं ही चोरी आहे. मग ती कुणीही केलेली असो, माझ्या धर्माने केली तरी. पण हे ब्रिजितबायने केलं असेल? जिने आम्हाला हात धुवायला शिकवलं, तिने? मला विश्वास ठेवायचा नव्हता, आणि तिच्या तोंडून तर मी स्वतः ऐकलं होतं.

पुढच्या सुट्टीला ती आली, तो रविवारच होता. मिस्सा संपवून लोक चर्चच्या आवारात उभे होते. फादर तिच्याकडे प्रसन्न चेहऱ्याने येत होते. तेवढ्यात फाटकातून हिराजी आत आला. डोक्यावर नुकते फुटलेले केस, अंगात समुद्रावरचंच कुडतं. तो कधी त्या फाटकाच्या आत आलेला नव्हता. गर्दी बाजूला झाली.

"बाय," तो म्हणाला, "मी भांडाया आलो न्हाय. येकच सांग. माज्या आयला तू कंचा पानी दिलास?"

ब्रिजितबायचे डोळे त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

"लोक म्हनतात, आय तुमच्यातली झाली," तो पुढे म्हणाला. "मंग आमी दिवस कुनाचे घातले? पिंड कुनाला ठेवला? त्यो तिला पोचला का न्हाय पोचला?"

ब्रिजितबायने फादरकडे पाहिलं, फिलूकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती 'हो' म्हणाली असती तर गावाने तिला डोक्यावर घेतलं असतं. नुसती गप्प राहिली असती तरी फीत गळ्यात राहिली असती.

"तुळशीचं," ती म्हणाली.

"काय?"

"तुळशीचं पाणी दिलं, हिराजीदादा. तिच्या पदराच्या गाठीत वाळलेलं पान होतं. पोरगा समुद्रात आहे हे तिला माहीत होतं, म्हणून घरून निघतानाच तिने ते बांधून घेतलं होतं. मला म्हणाली, बाय, माझं कुणी नाही इथं, तू घाल. मी पान भिजवून तिच्या तोंडात घातलं. तुझ्याऐवजी."

हिराजी मटकन खाली बसला, तिथेच, मातीत. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "आनि काय बोल्ली?"

"'हिरू कुठंय' म्हणाली. मी म्हटलं, निघालाय, पण वारा पडलाय."

"वारा पडलाच व्हता," हिराजी म्हणाला. "दोन दीस शीड हाललं न्हाय." आणि मग तो जो रडला, तो आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडत असावा.

तो गेल्यावर फादर बोलले. आवाज चढवला नाही, पण चेहरा पडला होता. "ब्रिजित, तुला ते शब्द येत होते. पाणी हातात होतं. आणि तू त्यांचा विधी केलास. मंडळीच्या प्रमुखाला हे शोभतं का?"

"तिने मागितलं ते दिलं, फादर. न मागितलेलं कसं घालू? दयेच्या कामांत तहानेल्याला पाणी देणं आहे, तुम्हीच शिकवलंत. कुठलं पाणी ते त्यात नाही." मग ती म्हणाली, "नमो मारिया म्हटलं मी. मनात. ते माझं होतं, ते मी माझ्यापाशी ठेवलं."

"मला वर विचारावं लागेल. तोवर फीत काढून ठेव."

मला वाटलं, आता ती बोलेल. माझ्या घराच्या भिंती बोलतात तसं काहीतरी बोलेल. तिने फीत काढली, नीट घडी घातली आणि फादरच्या हातावर ठेवली. "उद्या हाडांची परीक्षा आहे, फादर. जरा लवकर निघते," एवढंच म्हणाली.

मी संतापून एक पत्रक लिहिलं. 'धिक्कार'ने सुरू होत होतं, आणि बापाकडून ते छापून घेऊन गावभर वाटायचं असं मी ठरवलं होतं. पुढल्या वेळी ते तिला दाखवलं. ती वाचायला लागली आणि दुसऱ्या परिच्छेदात तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा म्हणाली, "छान लिहिलंयस गो. मागची बाजू कोरी आहे ना?" आणि तिथे तिने मला हृदयाचे चार कप्पे काढून दाखवले. ते पत्रक छापलं गेलं नाही. माझ्याकडे अजून आहे. एका बाजूला माझा धिक्कार, दुसऱ्या बाजूला तिचं हृदय.

त्यानंतर तिने चर्चमध्ये शिकवलं नाही. सुट्टीला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, बहुतेक वेळ झोपायची. पण हळूहळू मुली वलांड्यांपाशी तिच्याभोवती जमायला लागल्या. सगळ्यात आधी गेली फिलू, रडत. ब्रिजितबायने तिला साबणाची वडी दिली. "डोळे पूस, हात धू, आणि सांग, तापाच्या माणसाला पाणी किती वेळा द्यायचं?"

वरून उत्तर काय आलं, आलं की नाही, आम्हाला कधी कळलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर फादरनाच ताप चढला. हिवताप होता. होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचे दिवस, डॉक्टर यायला तयार नाही. सुट्टीला आलेली ब्रिजितबाय त्यांच्या उशाशी बसली, पट्ट्या बदलत, मण्यांवर काहीतरी पुटपुटत. प्रार्थना की हाडं, देव जाणे. मी हातपंख्याने वारा घालत होते. सकाळी ताप उतरला तसे फादरनी डोळे उघडले.

"पाणी दे," ते म्हणाले. तिने वाटी तोंडाला लावली. ते प्यायले, आणि वाटीच्या कडेवरून तिच्याकडे पाहत म्हणाले, "कुठलं दिलंस?"

"विहिरीचं, फादर. उकळून."

मी फादरना हसताना पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी उशीखाली हात घालून निळी फीत काढली. इतके महिने ती तिथे होती की तापात त्यांनी मागून घेतली होती, मी विचारलं नाही. त्यांनी ती तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मग ब्रिजितबायने ती फीत पंख्याच्या सैल झालेल्या दांडीला गुंडाळली आणि मला म्हणाली, "थांबू नकोस. घाल वारा."

ती पास झाली. टोपी मिळाली. नंतर युद्ध सुरू झालं आणि नर्सेसची मागणी वाढली; तिला लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं ठरलं. निघण्याआधी ती घरच्यांना भेटायला आली.

परतीच्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेले तेव्हा ती हिराजीच्या होडीत होती. त्या रविवारपासून ती त्याच्याच होडीने जायची-यायची. तो दुसऱ्या कुणाला नेऊ देत नसे. समुद्रावर धुकं होतं, पाणी आणि आभाळ यांच्यात रेघ दिसत नव्हती. ती जाळ्यांवर आडवी झाली होती, पदर तोंडावर, उशाला तेच पुस्तक. मनगटावर निळी फीत दोन वेढे देऊन बांधलेली. मला तिला कितीतरी सांगायचं होतं. मी पाण्यात शिरले आणि हाक मारायला तोंड उघडलं.

हिराजीने सुकाणूवरून ओठांवर बोट ठेवलं. "बाय निजलीय."

उत्तनची होडी कधी गुपचूप सुटली नाही. आरोळी देऊन शीड चढवायचं, शिव्या देत वल्हं मारायचं, ही रीत. त्या सकाळी चार दांडगे कोळी पायांच्या चवड्यांवर चालत होते. कुणी ओरडलं नाही तरी शीड चढलं. वल्ही पाण्यात अशी उतरली की आवाज झाला नाही.

होडी धुक्यात शिरेपर्यंत मी गुडघाभर पाण्यात उभी होते. सांगायचं होतं ते सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं.